व्हायवा झाल्यानंतर

खारघरच्या सेक्टर २२ मध्ये, डोंगराच्या कुशीत, टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था आहे. पूर्ण नाव लांबलचक: अ‍ॅडव्हान्स्ड सेंटर फॉर ट्रीटमेंट, रिसर्च अँड एज्युकेशन इन कॅन्सर. रिक्षावाले आणि पेशंटचे नातेवाईक तिला नुसतं ‘टाटा’ म्हणतात. तिथे रुग्णालय आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच आवारात पेशींवर, जनुकांवर, उंदरांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांत काही मुलंमुली जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो, म्हणून दाखल होतात, हे मात्र खारघरमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्यांनाही अनेकदा माहीत नसतं. पाच-सहा वर्षांनी ही मुलं थिसिस सादर करतात, व्हायवा होतो, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएचडी हातात पडते. त्यानंतरच्या वर्षांबद्दल हे पुस्तक आहे.

मी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नेटचा निकाल लागला की एमएस्सीची मुलं पेढे घेऊन येतात. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीच्या घरात जेआरएफचे महिना ३७ हजार रुपये हे कधीकधी त्या घरातलं पहिलं ठरलेलं उत्पन्न असतं. अशा वेळी तिच्याशी पुढच्या दहा वर्षांबद्दल बोलणं म्हणजे शुभकार्यात अपशकुन केल्यासारखं वाटतं, म्हणून आम्ही शिक्षक गप्प बसतो. पुढे गाईड गप्प बसतात, कारण त्यांना प्रकल्प पुढे न्यायचा असतो आणि बहुतेकांना स्वतः चाललेल्या वाटेखेरीज दुसरी माहीत नसते. घरच्यांना तर ‘अजून शिकतेच आहेस का?’ यापलीकडे काय विचारावं तेच सुचत नाही. अशा रीतीने सगळ्यांनी मिळून टाळलेला विषय थिसिस बांधून झाल्यावर एकदम अंगावर येतो. तो पहिल्याच वर्षी बोलला जावा, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या फेलोशिपवर चर्चा चालू होती. तेव्हा पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी सभागृहात केला. महाराष्ट्रभर त्यावर संताप उसळला आणि तो रास्त होता. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपवर ज्यांचं संशोधन उभं आहे, ती बहुतेक आपापल्या घरातली पहिली पिढी आहे. त्या पैशांसाठी त्यांना आझाद मैदानात बसावं लागलेलं आहे. पण संताप ओसरल्यावर मला वाटलं, या प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यायला हवं. ही माणसं पुढे काय करतात, कुठे जातात, कशाच्या जोरावर टिकतात, हे नीट मांडलं तर निदान पुढच्या वेळी विचारणाऱ्याच्या हाती काहीतरी माहिती असेल.

या मुलांना बुद्धी कमी पडते, असं मी क्वचितच पाहिलं. त्यांना कमी पडतात ती वर्षं. हिशोब सोपा आहे. एकविसाव्या वर्षी बीएस्सी, तेविसाव्या वर्षी एमएस्सी, एखादं वर्ष नेटच्या किंवा संस्थांच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीत. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी जेआरएफ आणि तिशीच्या आसपास व्हायवा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं ठरवली आहेत, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि प्रसूतीसाठी २४० दिवसांपर्यंतची रजा दिली आहे. पण पेशी नियमावली वाचून वाढत नाहीत. उंदरांची एक पिढी तयार व्हायला जितके महिने लागायचे तितके लागतातच. प्रतिपिंडाची बाटली खराब निघाली तर ऋतू वाया जातो. पेपर रिव्हिजनला गेला की सहा महिने कसे निघून जातात कळत नाही. त्यात बहुतेक फेलोशिप पाच वर्षांपलीकडे जात नाहीत. सिनॉप्सिस आणि व्हायवा यांच्या मधले महिने अनेक जण गाईडच्या प्रकल्पावर किंवा घरच्या पैशांवर काढतात.

आणि तिशी उलटली की एकेक दार वयाप्रमाणे मिटू लागतं. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला ३७ हजार, एसआरएफला ४२ हजार आणि पहिल्या पायरीच्या रिसर्च असोसिएटला ५८ हजार रुपये असे दर लागू झाले; घरभाडं वेगळं. रिसर्च असोसिएटची जागा प्रकल्प संपेपर्यंतची. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची, सर्वसाधारण वयोमर्यादा ३५. इन्स्पायर फॅकल्टी योजना पाच वर्षांची आणि चांगल्या पैशांची आहे, पण तिची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ राहिली आहे. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना सवलत असते. परदेशातून परतणाऱ्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, २००८ पासून डीबीटी-वेलकम इंडिया अलायन्स आहे. या योजनांनी अनेकांना उभं केलं हे खरंच. पण त्या सगळ्या मुदतीच्या आहेत. पाच वर्षांनी जिथे बसला होतात त्या संस्थेत कायमची जागा निघाली तर निघाली. नाही निघाली, तर माणूस चाळिशीला टेकलेला असतो आणि त्याच्या सीव्हीत कुठेही ‘कायम’ हा शब्द नसतो. याच वर्षांत लग्न, मूल, आईवडिलांची आजारपणं, घराचं कर्ज हे सगळं येतं, आणि नव्या मुंबईत घर घ्यायचं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

ही अडचण आजची नाही, आणि तिचं मर्म जिला फार लवकर कळलं ती बाई याच संस्थेतली होती. अ‍ॅक्ट्रेकची मूळ संस्था म्हणजे परळची इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर, स्थापना १९५२, पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. पुढे ती कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाली, टाटा स्मारक केंद्राचा भाग झाली आणि २००२ साली खारघरला आली. खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे या मूळच्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ, हुजुरपागा आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएचडी त्यांनी मिळवली तेव्हा त्यांचं वय एकतीस-बत्तीस होतं. आजच्या मुलींचं असतं तेवढंच. लग्न होऊन दशक उलटलं होतं. त्यानंतर त्या फेलोशिप घेऊन बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गे म्हणजे ज्यांनी हेला ही मानवी पेशींची पहिली अमर मालिका वाढवली ते. तिथे ऊतीसंवर्धनाचं तंत्र शिकून रणदिवे परतल्या आणि मुंबईत त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली; देशातली त्या प्रकारची ती पहिली मानली जाते. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या. स्तनाच्या कर्करोगावर, कुष्ठरोगाच्या जंतूवर काम केलं, १९८२ साली पद्मभूषण मिळालं.

त्यांचं चरित्र आपण मुलींना प्रेरणा म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्या परतल्या तेव्हा संस्था नुकती उभी राहत होती. जागा भरायच्या नव्हत्या, निर्माण करायच्या होत्या. परदेशातून शिकून आलेल्या पहिल्या माणसासाठी अख्खा विभाग रिकामा होता. आज पोस्टडॉक करून परतणारी मुलगी त्यांच्याइतकीच हुशार आणि कष्टाळू असली, तरी तिच्यासमोर एकेका जागेला शेकड्याने अर्ज असतात. तेव्हा रणदिव्यांना जमलं, तुला का नाही, असं तिला विचारणं अन्यायाचं आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १९७३ साली रणदिवे आणि त्यांच्या काही सहकारी शास्त्रज्ञांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. तिचं मुख्यालय वाशीत आहे. देशातल्या स्त्री-शास्त्रज्ञांच्या संघटनेनं व्याख्यानं घेतली, ग्रंथालय काढलं, यात नवल नाही. पण तिने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह चालवलं आणि पाळणाघर चालवलं. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिलेल्या बायकांना नेमकं ठाऊक होतं की संशोधन कुठे अडतं. संध्याकाळी सात वाजता पेशींचं माध्यम बदलायचं असतं आणि त्याच वेळी मूल घ्यायला जायचं असतं, तिथे अडतं. राहायला सुरक्षित खोली मिळत नाही म्हणून मुलगी दोन तासांचा लोकलप्रवास करते, तिथे अडतं. पन्नास वर्षांपूर्वी या बायकांना जे उघड दिसलं ते आपल्या अनेक संस्थांच्या फेलोशिप नियमांत अजून नीट उतरलेलं नाही. वाशीची ती इमारत मी जेव्हा जेव्हा पाहते तेव्हा मला वाटतं, डॉक्टरेटनंतरच्या कारकिर्दीवरचं आपल्याकडचं सगळ्यांत शहाणं भाष्य विटांत बांधलेलं आहे.

आता इतर वाटांकडे येते. नवी मुंबईचा एक फायदा असा की त्या जवळपास सगळ्या एका लोकलच्या रेषेवर पाहता येतात. खारघरहून ठाण्याकडे जाणारी गाडी पकडली की कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली ही स्टेशनं लागतात आणि त्यांच्या पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा पसरलेला आहे. एकेकाळी इथे रसायनांचे कारखाने होते, काही अजून आहेत. रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेसचं धीरूभाई अंबानी लाइफ सायन्सेस सेंटर आहे, महापेला ग्लेनमार्कचं संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबईत जन्मलेली इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनीही कार-टी पेशींचं उत्पादन नव्या मुंबईतच करते.

या कार-टीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण डॉक्टरेट झालेल्या माणसाच्या हातून समाजाला काय मिळतं याचं हे अगदी ताजं आणि अगदी जवळचं उदाहरण आहे. रक्ताच्या काही कर्करोगांत बिघडलेल्या बी-पेशींवर सीडी१९ नावाचं प्रथिन असतं. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या सीडी१९ ओळखू लागतात. मग त्या वाढवायच्या, तपासायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. आयआयटीत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत हे तंत्र विकसित झालं, टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच्या चाचण्या घेतल्या. जून २०२१ मध्ये अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या गेल्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ‘नेक्सकार१९’चं लोकार्पण केलं. अमेरिकेत २०१७ साली आलेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत ४,७५,००० डॉलर होती. आपला उपचार साधारण तिच्या दहाव्या हिश्श्यात बसतो. तोही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच आहे, तरी अंतर केवढं कमी झालं ते पाहावं.

या कामात डॉक्टरेट झालेले लोक काय करतात? विषाणूचा प्रत्येक घाणा तपासतात. पेशी किती जिवंत आहेत, किती पेशींत जनुक शिरलं, कुठे जंतुसंसर्ग नाही ना, हे फ्लो सायटोमेट्री आणि इतर चाचण्यांनी पाहतात आणि प्रत्येक पायरी सही-तारखेसह लिहून ठेवतात. पीएचडीच्या काळात फसलेला प्रयोग पुन्हा लावता येतो, त्यातूनही काही शिकायला मिळतं. इथे एक पिशवी म्हणजे एका माणसाच्या शरीरातून काढलेल्या पेशी; ती बिघडली तर त्याच्याकडे पुन्हा तेवढा वेळ असेलच असं नाही. ही शिस्त अंगी बाणवायला प्रयोगशाळेतल्या हुशार माणसालाही वर्ष-दीड वर्ष लागतं. आणि तरीही अशा नोकरीला गेलेल्या मुलाबद्दल कॉलेजात हळू आवाजात ‘त्याने रिसर्च सोडला’ असं म्हणतात. मला हे सहन होत नाही. ज्या शहरात रणदिव्यांनी पेशी वाढवायला सुरुवात केली त्याच महानगरात आज रुग्णाच्या पेशी वाढवून त्याला परत दिल्या जातात, आणि ते करणाऱ्यांना आपण संशोधनाबाहेरचे समजतो!

ऐरोली-महापेच्या काचेच्या इमारतींत आणखी एक वाट आहे. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासणं, क्लिनिकल चाचण्यांची आकडेवारी सांभाळणं, औषध कंपन्यांसाठी वैद्यकीय लेखन करणं. जगभरातून आलेल्या नोंदींतून कोणती खरोखर धोक्याची, हे ठरवायला शरीराची आणि औषधाची समज लागते. सुरुवातीला हे काम पदवीधरांच्या बरोबरीने, त्यांच्याच पगारात करावं लागतं आणि ती बोच खरी आहे. दोन-तीन वर्षं टिकणाऱ्याला डॉक्टरेटचा उपयोग वरच्या पायऱ्यांवर होतो. पेटंटची वाट त्याहून अरुंद, पण मला ती आवडते. देशाच्या पेटंट कार्यालयाची एक शाखा मुंबईतच अँटॉप हिलला आहे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या योजनेतून करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्रियांना बौद्धिक संपदेचं वर्षभराचं प्रशिक्षण मिळत आलं आहे आणि त्यातल्या काही जणी पेटंट एजंटची परीक्षा देऊन घरून काम करतात. विज्ञानपत्रिकांना पाठवायचे लेख तपासून देणारे संपादकही या महानगरात बरेच आहेत.

अध्यापनाबद्दल लिहिताना मात्र माझा हात जड होतो. घरच्यांना सगळ्यांत आधी सुचते ती हीच वाट: ‘एवढी शिकलीस तर प्राध्यापक हो.’ पण विनाअनुदानित जैवतंत्रज्ञान विभागांत पगाराचा भरवसा नाही आणि अनुदानित कॉलेजांत कायमच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. मग उरतं तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. कॅन्सरच्या पेशींतल्या संकेतयंत्रणेवर प्रबंध लिहिलेला माणूस सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला मानधन नसतं आणि जूनमध्ये नव्याने मुलाखत असते. १ जुलै २०२३ पासून यूजीसीने सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट हीच किमान पात्रता पुरेशी मानली, पीएचडी ऐच्छिक केली. म्हणजे ज्या पदवीसाठी सहा वर्षं दिली ती या दारावर अनिवार्यही उरलेली नाही. शिकवण्याची ओढ असलेल्या कुणाला मी या वाटेवरून परत फिरवणार नाही; आमच्या वर्गांना संशोधन केलेले शिक्षक हवेच आहेत. पण डोळे उघडे ठेवून या, एवढं सांगायला हवं.

राहिली परदेशाची वाट. तिच्याबद्दल सगळ्यांनाच माहिती असते आणि बहुधा ती जुनी असते. अमेरिकेत जीवशास्त्रातले पोस्टडॉक गरजेपेक्षा जास्त तयार होत आहेत, हे शर्ली टिलमन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९९८ सालीच सांगितलं होतं. त्यानंतर सोळा वर्षांनी, २०१४ मध्ये, टिलमन यांच्यासह ब्रूस अल्बर्ट्स, मार्क किर्शनर आणि नोबेलविजेते हॅरोल्ड वार्मस या चौघांनी पुन्हा लिहिलं की ही व्यवस्था सतत वाढत राहण्याच्या गृहीतकावर उभी आहे आणि ते गृहीतक खोटं ठरलं आहे. ज्यांचं आयुष्य या व्यवस्थेच्या शिखरावर गेलं त्यांनी हे म्हटलं, म्हणून त्याला वजन आहे. २०२५ मध्ये तिथल्या संशोधन अनुदानांना कात्री लागली. बोस्टन किंवा ह्यूस्टनच्या स्वप्नाला आता व्हिसाइतकीच ही चिंताही चिकटली आहे. तरी जावं का? चांगली प्रयोगशाळा आणि जिथे शिकायला मिळेल असा माणूस असेल तर जरूर जावं. ठरावीक वर्षांसाठी, आणि परतीचं काय याचा विचार निघतानाच करून.

तिथून आपण एक गोष्ट मात्र लगेच उचलावी असं मला वाटतं. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांच्या प्रमुखांनी आणि फ्रेड हचिन्सन या कॅन्सर संशोधन केंद्राने मिळून जाहीर केलं की आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या पीएचडी विद्यार्थ्यांचं आणि पोस्टडॉकचं पुढे काय होतं, ते आम्ही उघड प्रसिद्ध करू: पदवीला किती वर्षं लागतात, किती जण मध्येच सोडतात, नंतर कोण कुठे काम करतं. याला फार पैसा लागत नाही. माजी विद्यार्थ्यांची यादी लागते आणि ती दाखवण्याची तयारी. आपल्याकडे इंडियाबायोसायन्ससारख्या संस्थेने २००९ पासून तरुण संशोधकांना एकत्र आणलं, करिअरच्या वेगवेगळ्या वाटांबद्दल लिहितं केलं. पण हे काम प्रत्येक संस्थेने स्वतःच्या दारात करायला हवं. परळच्या, खारघरच्या, पुण्याच्या, कुलाब्याच्या प्रयोगशाळांतून गेल्या वीस वर्षांत बाहेर पडलेल्या प्रत्येकाची आजची जागा एका तक्त्यात आली, तर नेट पास होऊन पेढे घेऊन येणाऱ्या मुलीला मी तो तक्ता दाखवीन आणि माझं निम्मं बोलणं वाचेल.

तोवर तिने स्वतःच चौकशी करावी. जेआरएफच्या मुलाखतीत शेवटी समिती बहुधा विचारते, तुला काही विचारायचं आहे का? बहुतेक मुलं ‘नाही सर’ म्हणून उठतात. पुढे गाईड निवडताना तरी हे विचारावं: तुमच्याकडून याआधी पीएचडी झालेले आज कुठे आहेत? त्यांना किती वर्षं लागली? शेवटच्या वर्षाची फेलोशिप कुठून आली? त्यांच्यापैकी एक-दोघांशी मी बोलू का? चांगला गाईड या प्रश्नांनी रागावत नाही. फोन काढतो आणि नंबर देतो.